चार नंबर

आमचा कॉम्प्युटर म्हणजे जुना वाडा आहे. बाहेरून एकच दार, आत तीन बिऱ्हाडं. दार उघडलं की काळ्या पाटीवर तिघांची नावं येतात आणि दहा सेकंदांत सांगावं लागतं की आज कोणाकडे उतरायचं. नाही सांगितलं, तर पहिल्या नावाच्या घरात आपोआप ढकललं जातं.

पहिलं बिऱ्हाड विंडोज एक्सपी. ते मीच ठेवलंय, कारण माझं सगळं जुनं लेखन एका जुन्या मराठी फाँटात आहे आणि तो फाँट एक्सपीखेरीज कोणाशी बोलत नाही. दुसऱ्या घरात ती फाईल उघडली तर कीबोर्डवर मांजर झोपून गेल्यासारखी अक्षरं दिसतात. दुसरं बिऱ्हाड विंडोज सेव्हन. ते बायकोचं: बँक, विजेचं बिल, मुलीचे फोटो. तिसरं लिनक्स. ते धुळ्याच्या भाच्याचं. तो इंजिनिअरिंगला गेला त्या वर्षी दिवाळीला आला, फराळ केला आणि जाताना आमच्या डिस्कमध्ये लिनक्स टाकून गेला. पाहुणे जाताना काहीतरी विसरतात, तसं.

या तिघांशिवाय वाड्यात माझी एक कादंबरी राहत होती. खानदेशावरची, तीन पिढ्यांची, साडेचारशे पानांची. 2013 साली डिस्कची नव्याने वाटणी करताना ती गेली. हे मी इतक्या साहित्य-मेळाव्यांत सांगितलंय की जळगावातले निम्मे लेखक मला भेटले की आधी हात दाबतात. लिहिलेल्या कादंबरीवर लोक टीका करतात. हरवलेल्या कादंबरीवर आजवर एकानेही केलेली नाही.

तर गेल्या डिसेंबरात लिनक्सला जागा कमी पडू लागली. भाच्याला फोन केला. तो जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत, एरंडोलच्या पुढे. म्हणाला, ‘मामा, सोपं आहे. कंपनीची रिकव्हरी म्हणून एक पार्टिशन आहे, ते कोणी वापरत नाही. काळी खिडकी उघडा, मी सांगतो तसं टाइप करा.’ मी टाइप करत गेलो. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटायला लागली की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. पारोळा गेलं आणि त्याचा आवाज तुटायला लागला. त्याने सांगितलेलं वाक्य असं होतं: ‘तीन नंबर डिलीट करा, चार नंबरला अजिबात हात लावू नका.’ माझ्यापर्यंत पोहोचलं ते असं: ‘…नंबर डिलीट करा… चार नंबर…’ आणि रेंज गेली.

मी डी दाबला, चार दाबला, डब्ल्यू दाबला.

यंत्राने इंग्रजीत कळवलं की वाटणीचा तक्ता बदलला आहे. पुढे बारीक अक्षरात असंही होतं की डिस्क सध्या कामात आहे, नवा तक्ता पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर लागू होईल. मी ते सरकारी पत्राच्या शेवटच्या परिच्छेदासारखं वाचलं, म्हणजे वाचलं नाही. आणि खरोखर काहीही बिघडलं नव्हतं. सगळ्या फाइली जागेवर. त्या दुपारी मी आईच्या आवाजातली, कानबाई या आमच्या खानदेशी देवीची गाणी लावून दोन तास ऐकली. ती कोणत्या वर्षी रेकॉर्ड केली, कानबाईच्या रोटांच्या सणाला घरात कोण कोण होतं, आईला मध्येच खोकला आला तेव्हा पाणी कोणी दिलं, सगळं आठवत बसलो. ज्या जमिनीचा उतारा कोरा झाला होता तिच्यावर खाट टाकून मी निवांत पडलो होतो.

चार वाजता लाईट गेली. मेंटेनन्स. साडेपाचला आली. बटण दाबलं. तीन नावांची पाटी आलीच नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी: असं पार्टिशन अस्तित्वात नाही, आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. रेस्क्यू हा शब्द वाचून बरं वाटलं, पण कोणी कोणाला वाचवायचंय ते लिहिलेलं नव्हतं.

नेमकं काय झालं होतं ते पुढे भाच्याने सांगितलं, आणि मला ते कळलं याचं श्रेय कॉम्प्युटरच्या पुस्तकांना नाही, तलाठी कार्यालयाला आहे. डिस्कचा अगदी पहिला तुकडा 512 बाइटांचा असतो. त्यातले पहिले 446 बाइट यंत्राला जागं करणाऱ्या सूचनांचे, शेवटचे दोन शिक्क्याचे, आणि मधले 64 म्हणजे डिस्कचा सातबारा. एका हिश्श्याला 16 बाइट: कुठून सुरू, किती लांब, आत कोणत्या जातीची वस्ती, आणि दार इथून उघडायचं की नाही. चौसष्टला सोळाने भागलं की चार. म्हणून हिस्से चारच. 1983 साली आयबीएमच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ही व्यवस्था आली, तेव्हा दहा मेगाबाइटच्या डिस्का होत्या. एवढ्याशा कोरडवाहूला चारपेक्षा जास्त वारस होतील असं कोणाला वाटणार?

वारस झाले. मग आपल्याकडे करतात तेच तिकडेही केलं: पोटहिस्से. चौथा हिस्सा कोणा एकाचा नाही, ते नुसतं कुंपण. त्याच्या आत हवे तेवढे तुकडे पाडायचे. त्यांची नावं मूळ उताऱ्यावर येत नाहीत. पहिल्या तुकड्याच्या बांधावर चिठ्ठी असते, ती दुसऱ्याचा पत्ता सांगते. दुसऱ्याच्या बांधावरची चिठ्ठी तिसऱ्याचा. मूळ उताऱ्याला फक्त पहिल्या चिठ्ठीची जागा माहीत. आमच्या चार नंबरात डी ड्राइव्ह, लिनक्स, त्याची एक टेकायची खोली आणि ई ड्राइव्ह असे चार पोटहिस्से होते. मी पुसले ते फक्त 16 बाइट. पाचशे अब्जांपैकी सोळा. शेतातली एक काडी हलली नव्हती, फक्त पहिली चिठ्ठी कुठे ठेवलीय ते सांगणारी नोंद गेली होती. आणि तिन्ही बिऱ्हाडांची पाटी लिनक्सच्या घरात ठेवलेली असल्यामुळे एक आणि दोन नंबरचे निर्दोष लोकही घरात असून बाहेर अडकले.

हे कळण्याआधी मी यंत्र घेऊन बाजारात गेलो होतो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण वाक्य सगळ्या दुकानांत एकच आहे. काउंटरमागच्या मुलाने पडदा तीन सेकंद पाहिला आणि म्हणाला, ‘फॉरमॅट मारावं लागेल काका.’ आपल्याकडे फॉरमॅट करत नाहीत, मारतात. मी विचारलं, आतलं सामान? तो म्हणाला, ‘ते तर जाईल ना.’ त्याच्या आवाजात तीस वर्षं सराव केलेल्या सर्जनची शांतता होती. वय असेल बावीस. मी यंत्र काखोटीला मारून परत आलो.

भाच्याला रात्री गाठलं. आधी तो काहीच बोलला नाही. मग त्याच्या तोंडून अहिराणी निघाली. हा मुलगा इंजिनिअरिंगचं इंग्रजी बोलतो, आमच्याशी पुस्तकी मराठी बोलतो आणि मनापासून काही सांगायचं असलं की आजीच्या भाषेत जातो. ‘मामा, घाबरू नका. बठ्ठं शे. कोठे बी गयेल नही.’ मग पुन्हा मराठीत: ‘फक्त आता काही लिहू नका त्याच्यावर. विंडोजची सीडी घालू नका, रिपेअर म्हणू नका, काहीच नाही. प्लग काढा. रविवारी येतो.’

प्लग काढला. बायकोने वर पांढरी चादर टाकली, धूळ बसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, कोपऱ्यातला तो आकार पाहिला आणि चपला दारातच काढून हळू आवाजात विचारलं, ‘काय झालं?’ बायको म्हणाली, ‘पार्टिशन गेलं.’ काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या दिरांमध्ये नुकतीच वाटणी झाली होती.

बुधवार ते रविवार मला काम नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की या बाबतीत आम्ही खानदेशी माणसांनी दुसऱ्या कोणाकडे शिकवणीला जायची गरज नाही. आमचा सगळा मुलूखच पुसलेल्या नोंदीवर नांदतो. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि दानियाल या आपल्या मुलाच्या नावावरून खानदेशचं दानदेश करून टाकलं. ड्राइव्हचं लेबल बदललं म्हणून आतल्या फाइली बदलत नाहीत. लोक खानदेशच म्हणत राहिले. 1818 नंतर इंग्रज आले, धुळ्याला मुख्य ठाणं झालं. 1869 मध्ये मालेगाव, नांदगाव, बागलाण कापून नाशिकच्या खात्यावर टाकले. 1906 साली उरलेल्याचे दोन केले, पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला. महाराष्ट्र झाल्यावर 1960 मध्ये दोन्ही नावांतून खानदेश हा शब्दच गळाला: जळगाव जिल्हा, धुळे जिल्हा. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. जुनी राजधानी बऱ्हाणपूर तर दुसऱ्या राज्याच्या डिस्कवर आहे. आज सरकारी तक्त्यात खानदेश नावाची एकही नोंद सापडत नाही. आणि तरी बामणोदची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली, मिरची-लसणाबरोबर ठेचली आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वाढली की जेवणारा काय म्हणतो? उत्तर महाराष्ट्री भरीत कोणी मागितलेलं मी ऐकलेलं नाही.

जळगाव आणि धुळ्यात मात्र एक फरक आहे, आणि मी जळगावचा असून कबूल करतो. धुळं पत्त्याने चालतं. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, असं सरळ. डिस्कवरच्या सेक्टरला जसा आकडा असतो, तसा. जळगावात पत्ता सांगताना आम्ही ‘टॉवरपासून पुढे ये आणि कोणालाही विचार’ म्हणतो. म्हणून डिस्क दुरुस्त करणारा धुळ्याहून येतो आणि बिघडवणारा जळगावात राहतो.

शिवाय हरवलेलं उकरून काढायचा धुळ्याला जुना नाद आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटी धुळ्यात येऊन राहिले आणि 31 डिसेंबर 1926 ला तिथेच गेले. आयुष्यभर त्या माणसाने दुसरं काय केलं? गावोगाव हिंडायचं, माळ्यावरची, उंदरांनी अर्धी खाल्लेली दप्तरं मागायची, घरमालकाला ती रद्दी वाटत असताना त्यातून पानिपताच्या वेळची पत्रं काढायची. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 चा, असे एकंदर 22 खंड. म्हणजे मालक सांगतोय फॉरमॅट मारा, आणि हा गृहस्थ म्हणतोय थांबा, आत सगळं आहे. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात अजून ती कागदपत्रं सांभाळतं. त्याच गावच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. नसते उतरवले, तर ‘गीता प्रवचने’ त्या भिंतींनी ऐकली असती आणि संपलं असतं. आमच्या जळगावची बाजू बहिणाबाईंनी राखली. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं, पण घरातल्यांनी गाणी वहीत उतरवली होती. 1951 च्या डिसेंबरात त्या गेल्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. हे सगळं मला बुधवारपासून तोंडपाठ होतं. आईच्या गाण्यांची दुसरी प्रत काढून ठेवायचं मात्र सुचलं नव्हतं.

रविवारी भाचा आला. खिशात पेनड्राइव्ह, पिशवीत एक रिकामी डिस्क. मला वाटलं लगेच दुरुस्ती. तो म्हणाला, आधी नक्कल. पेनड्राइव्हवरचं लिनक्स सुरू करून त्याने आमच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसरीवर उतरवायला लावली, एकेक सेक्टर, रिकाम्या जागेसकट. सहा तास. तोवर भरीत झालं. जेवताना त्याने मला सुनावलं की मामा, जगाच्या कॉम्प्युटर धंद्यात खानदेशाचं नाव आहे, ते तुमच्यामुळे जाईल. विप्रोचा मूळ कारखाना अमळनेरचा, हे त्याचं लाडकं वाक्य. ते खरंही आहे. 1945 मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने तिथे वनस्पती तूप काढणारी कंपनी स्थापन झाली. माझ्या मते तो धंदा जास्त सुरक्षित होता. तुपाच्या डब्याला पोटहिस्से नसतात.

दुपारी चारला त्याने टेस्टडिस्क काढलं. क्रिस्टोफ ग्रेनिए नावाच्या एका फ्रेंच माणसाने 1998 पासून हे चालवलंय, आणि फुकट. दिसायला अगदी गरीब. चित्र नाही, रंग जेमतेम. पण त्याची कामाची रीत पाहिली आणि मला गावचा मोजणीदार आठवला. तो उताऱ्यावर विश्वासच ठेवत नाही. साखळी घेऊन सरळ शेतात उतरतो. विंडोजचं घर सुरू होतं तिथे एक विशिष्ट खूण असते, लिनक्सच्या घरालाही असते. त्या खुणा शोधत जातो आणि इथून इथवर कोणीतरी राहतंय असं कळवतो. पहिल्या झटपट शोधात एक्सपी सापडलं, सेव्हन सापडलं, रिकव्हरी, डी, लिनक्स, त्याची खोली. ई ड्राइव्ह नाही. भाचा म्हणाला, आता खोल शोध. पडद्यावर आकडे सरकायला लागले. बायकोने त्या वेळेत मेथी निवडली, कुकर लावला, उतरवला.

अडीच तासांनी ई सापडला. मी उडी मारणार तेवढ्यात भाच्याने हात धरला. यादीत एक ओळ जास्तीची होती, आणि यादीखाली लिहून आलं होतं: ‘स्ट्रक्चर: बॅड’.

‘मामा, हे काय आहे? डी आणि ई दोघांच्या जागेत पाय पसरून बसलंय.’

खोल शोधाचा हा स्वभावच आहे. तो जिवंत खातेदार आणि मेलेले खातेदार यांत फरक करत नाही. ज्याची खूण शिल्लक, त्याचा दावा शिल्लक. ही 2013 पूर्वीची वाटणी होती, पुसलेली, वर दुसरी घरं बांधलेली, पण एका कोपऱ्यात जुनं जोतं दिसत होतं. भाच्याने पी दाबलं. आतल्या फाइलींची नावं आली. बरीचशी तुटकी. एक अखंड: ‘कादंबरी अंतिम’.

बायको मेथीचे हात पुसत आली. ‘सापडली?’ तिच्या आवाजात इतक्या वर्षांची हळहळ होती, आणि ती खरी होती. मला खुर्ची गरम वाटू लागली.

भाचा वाकून बघत होता. ‘24 केबी.’

‘म्हणजे किती?’ बायकोने विचारलं.

‘मामी, त्या काळच्या वर्डची रिकामी फाईलसुद्धा साधारण एवढीच असायची.’

मी म्हणालो, जुना मराठी फाँट आहे, त्यात मजकूर दाबून बसतो. कोणी काही बोललं नाही. मग बायको म्हणाली, ‘साडेचारशे पानं दाबून बसली?’

मी खुलासा केला की ‘अंतिम’ हा शब्द हेतूच्या अर्थाने होता. तीन पिढ्यांचा आराखडा डोक्यात पक्का असल्यामुळे फाईल आधी उघडून ठेवली होती. पहिलं वाक्य तर झालंच होतं, बहुतेक. भाच्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्या ओळीपुढे एल ठेवला तर ती वाटणी जिवंत राहील, पण मग डी आणि ई येणार नाहीत. डी ठेवला तर ती मृत.

‘एकीकडे आईची गाणी आहेत,’ बायको म्हणाली, ‘एकीकडे पहिलं वाक्य, बहुतेक.’

‘डी,’ मी म्हणालो.

त्याने बाणाची कळ दाबली. ओळीपुढे डी आला. त्याच क्षणी ‘बॅड’चं ‘ओके’ झालं आणि बाकीची सगळी यादी हिरवी झाली. इतकी स्पष्ट समीक्षा मला आजवर कोणी केलेली नाही. मग एंटर, मग लिही, मग हो. सोळा बाइट परत गेले. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, आणि काळ्या पाटीवर तिन्ही भाडेकरूंची नावं जणू काही झालंच नाही अशी उभी राहिली. बायकोने डी उघडून पहिलं गाणं लावलं. तिसऱ्या मिनिटाला आईला खोकला आला. तोही जागेवर होता.

सोमवारी सकाळी मी भाच्याला स्टँडवर सोडायला गेलो. एसटी सुटताना खिडकीतून त्याने पेनड्राइव्ह दाखवला. डी दाबायच्या आधी त्याने ती 24 केबी उतरवून घेतली होती. ‘आधी नक्कल, मामा.’

माझ्या कादंबरीची एकमेव प्रत सध्या धुळ्यात आहे, गल्ली नंबर पाच.